एका श्वासाला एक नाव

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या बेडरूमच्या दारातल्या पायपुसण्याला लाथ मारत होती. पायपुसणं उडून कपाटाखाली गेलं. मग तिने हॉलमधला गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला, बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल उचलून थेट दाराबाहेर ठेवलं, आणि एवढं सगळं झाल्यावर पलंगावर उताण्या पडलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बोल गो, कुठे कुठे मोडलीस?"

घरी येणारी फिजिओथेरपिस्ट म्हणजे कोणीतरी तरुण, गोड आवाजाची मुलगी असेल असं मला वाटलं होतं. ही पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, मनगटं रुंद, पायात पुरुषांचे स्पोर्ट शूज. दारात ती ते काढायची आणि पिशवीतून अगदी तसलेच दुसरे काढून घालायची. ते फक्त लोकांच्या घरात घालायचे. पहिले आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिलेल्या सासूबाईंनी एकदा नाक मुरडलं तर म्हणाली, "पेशंट पडायला लागला तर त्याला धरू की मीपण अनवाणी घसरू?" राहायची भांडुपला, बहिणीबरोबर. वडील कोकणातून गिरणीत आलेले. मराठी आमच्यासारखंच बोलायची, पण चिडली की मालवणीत जायची, आणि ती बहुतेक वेळ चिडलेलीच असायची.

तिला मी तोंडावर 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायचे. मनात मात्र 'ती'. इथे मनातलंच लिहिते.

मी कशी मोडले ते आधी सांगायला हवं. आमचं घर मुलुंड पूर्वेला, पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. बेडरूमच्या खिडकीला बाहेर काढलेली पिंजऱ्यासारखी जाळी आहे. सगळ्यांच्याच असतात तशी. त्यात कुंड्या, जुनी सूटकेस, पाण्याचा ड्रम. जाळीचा खालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटायला लागला होता, आणि मी दोन वर्षं मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगत होते की वेल्डरला बोलाव. "या रविवारी बघतो." एका शनिवारी सूटकेस काढायला मी त्या जाळीत एक पाय टाकला, मग दुसरा. पत्रा वाजलासुद्धा नाही. मी सरळ खाली गेले, एका स्कूटरवर आपटले आणि तिथून फरशीवर. डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या आणि कमरेचा वरचा मणका चेपला. पायांतली ताकद शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात." नऊ दिवसांनी घरी सोडलं, सोबत छातीपासून कमरेपर्यंतचा एक कडक पट्टा आणि ताईचा नंबर.

मिलिंदने रजा घेतली. मला भरवायचा, माझी वेणी घालायचा. पॉटसुद्धा द्यायचा. रात्री माझा हात धरून रडायचा. भेटायला आलेली प्रत्येक बाई जाताना म्हणायची, "नवरा असावा तर असा." आणि प्रत्येकीला तो दारातच सांगायचा, "सूटकेस काढायला गेली, पाय घसरला तिचा." आधी शेजाऱ्यांना, मग माझ्या ऑफिसातल्या लोकांना, मग फोनवर स्वतःच्या आईला. पाय घसरला. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा मला छातीत कळ आली, ती बरगडीची म्हणून मी गिळून टाकली. एवढं करणाऱ्या माणसाला काय बोलायचं? दुसऱ्या आठवड्यात माझी बहीण आली. तिने विचारल्यावर मीच म्हणाले, "पाय घसरला गं."

ताईला 'आराम' हा शब्द चालायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "तिला जरा आराम करू द्या," तर ती म्हणाली, "आराम स्मशानात. इथे व्यायाम." मिलिंद मला उठवायला धावला की ती हात आडवा घालायची. "हात लावू नको. तू उठवलंस तर तूच उठलास, ती कुठे उठली?" पाठीचा कणा न पिळवटता, ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने रेटत बसायचं, एवढं शिकायला मला सहा दिवस लागले. सहाही दिवस मी रडले. "रडतंस कित्याक?" ती विचारायची. "दुखतंय म्हणून की राग येतो म्हणून?" दुखतंय म्हणून, मी सांगायचे. "मग रड."

पण तिची खरी तऱ्हा म्हणजे नावं. बरगड्या मोडल्या की माणूस श्वास चोरतो, खोकत नाही, आणि न खोकल्याने फुफ्फुसात कफ साठतो. म्हणून दर तासाला दहा खोल श्वास. नळीतून श्वास ओढला की तीन चेंडू वर उचलले जातात, ते खेळण्यासारखं यंत्र हॉस्पिटलने दिलंच होतं. ताईला ते पुरायचं नाही. ती एक ते दहा मोजायची नाही, माझ्याकडून नावं घ्यायची. "ज्याचा ज्याचा राग येतो त्याचं नाव. एका श्वासाला एक. राग आला की माणूस आपोआप छाती भरून घेतो, बघ कोणालापण."

मला ते पोरकट वाटलं. तरी मी सांगितली. आमच्या कॉलेजचे प्राचार्य. मी घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. मग मीटर न टाकणारा रिक्षावाला. मग वॉर्डातले नगरसेवक, मग टीव्हीवर किंचाळणारा एक निवेदक. ती ऐकून घ्यायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "ही सगळी पेपरातली नावं. घरातलं एक पण नाही?"

"घरात कोणाचा राग येणार?"

"बघ हं," ती म्हणाली आणि पिशवी आवरली.

कोणत्याही डॉक्टरशी तिचं धड नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलात ती बरीच वर्षं होती. एका सर्जनने तिच्यासमोर पेशंटला सांगितलं, बाईंचं एवढं मनावर घेऊ नका. तिने राउंडमध्येच त्याला उत्तर दिलं आणि त्याच दिवशी राजीनामा. ते उत्तर काय होतं हे तिने मला कधी सांगितलं नाही, नुसती हसायची. तिच्याबद्दल मला याहून फारसं कळलं नाही. कॉलेजात कबड्डी खेळायची, लग्न केलं नाही, मासे सोडून दुसरं जेवण तिला जेवण वाटत नसे.

तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला. छातीत घरघर. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, गोळ्या बदलल्या आणि मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं की दोन दिवसांत कफ सुटला नाही तर परत ॲडमिट. मला खोकताच येत नव्हतं. खोकला घशाशी आला की बरगड्या आत वळतायत असं वाटायचं आणि मी तो परत गिळायचे.

त्या दिवशी ताई आली, शूज बदलले, आणि पिशवी न उघडता पलंगाच्या कडेला बसली.

"पडलीस कशी?"

तीन आठवड्यांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. मिलिंद दारात उभा होता, हातात वाफ घ्यायचं भांडं. माझ्याआधी तोच म्हणाला, "पाय घसरला तिचा."

"मी हिला विचारलं."

"पाय घसरला," मी म्हणाले.

"घसरायला पायाखाली काहीतरी लागतं," ती म्हणाली. "मी आत्ता खाली पार्किंगमध्ये उभी राहून वर बघून आले. तुमच्या जाळीला भोक आहे, हे एवढं. कडेचा पत्रा हाताने तुटेल असा गंजलेला. त्यातून पाय घसरत नाही गो. त्यातून अख्खा माणूस जातो."

तिने उशी उचलून माझ्या हातात दिली.

"उशी धर छातीशी. घट्ट. हां. एक श्वास, एक नाव."

"ज्याने जाळी बसवली तो."

"ती कधी बसवली, आणि गंज कधी लागला? पुढचं."

"सोसायटी."

"जाळी तुमची. पुढचं."

मला पुढचं नाव येत नव्हतं. येत होतं, पण तो समोर उभा होता, सकाळी माझी पाठ पुसून दिलेला. मी अगदी हळू म्हणाले, "मिलिंद."

"नाय ऐकलं."

"मिलिंद!"

"काय केलं त्याने?"

"दोन वर्षं सांगत होते!" एवढं म्हणाले आणि मग मला थांबता येईना. "दोन वर्षं! या रविवारी, या रविवारी! आणि वर सगळ्यांना सांगतोयस पाय घसरला! माझा पाय ठणठणीत होता! मोडलेय मी, आणि तू रडतोस, आणि तुझे डोळे पण मीच पुसते! नवरा असावा तर असा म्हणे! असा? असा?" मधेच खोकला आला. मी उशी आवळली आणि खोकले. कोणीतरी बरगड्यांत पहार घालतंय तसं दुखलं. पुन्हा ओरडले, पुन्हा खोकले. ताईने एका हाताने माझी पाठ धरली होती आणि दुसऱ्या हातात वाडगं. त्यात जे पडलं ते तिने खिडकीपाशी नेऊन उजेडात नीट बघितलं.

"हां," ती म्हणाली. "ह्या होया होता." हेच हवं होतं तिला.

मिलिंद पांढराफटक पडला होता. तिने त्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि त्याला खुर्चीत बसवलं. "बस. चक्कर येईल तुला. तुझं पण काढू कधीतरी. आज हिची पाळी."

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ते तीन दिवस मिलिंद माझ्याशी कामापुरतं बोलत होता, आणि मला त्याचाही राग येत होता, म्हणजे आता मी अपराधी का? रविवारी त्याच्या आईचा नेहमीचा फोन आला. तो हॉलमध्ये होता, मला सगळं ऐकू येत होतं. "आई, तिचा पाय नाही घसरला. जाळीचा पत्रा गेला होता. ती सांगत होती. मी केलं नाही." मग बराच वेळ तो नुसता "हो" म्हणत होता. फोन ठेवून तो माझ्याकडे आला आणि दारात उभा राहिला. माफ वगैरे मी त्याला केलं नाही, अजूनही केलंय का मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी त्याने आमटी आणली, आणि मी पहिल्यांदाच म्हणाले की अळणी आहे.

त्यानंतर मी भराभर सुधारले. सातव्या आठवड्यात जिना उतरले. डॉक्टरांनी पट्टा बंद करायला सांगितल्यावरही मी तो चोरून लावायचे. ताईला ते चालण्यावरून कळलं, आणि ती तो पट्टा स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेली. चार महिन्यांनी मी कामावर रुजू झाले. आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसासारखी मी ताईचं नाव ज्याला त्याला सांगायला लागले.

तिथेच माझी चूक झाली.

आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आजी, दोन मुलगे, थोरली सून असं घर. आजोबा एकदा बाजारात वाट चुकले होते. तेव्हापासून मुलगे आणि सून कामावर जाताना दाराला बाहेरून कडी लावायचे. वाईट माणसं नव्हती. घाबरलेली होती. आजोबा पलंगावरून उतरताना पडले, दोन बरगड्या गेल्या, मणक्याला चीर. मीच नंबर दिला. आणि पाचव्या दिवशी ताई येणार त्या वेळी मी मुद्दाम वर गेले, गंमत बघायला गेल्यासारखी.

"एक श्वास, एक नाव," ताई म्हणाली.

आजोबांनी विचार केला. "ब्रिटिश."

आम्ही सगळे हसलो, मुलगेसुद्धा. ताई म्हणाली, "ते गेले मास्तर. घरातलं सांगा."

आजोबांनी उशी छातीशी धरली. थोरला मुलगा भिंतीला टेकून उभा होता, धाकटा पाणी घेऊन येत होता. आजोबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "कडी लावता बाहेरून." मग मोठ्याने, "कडी लावता! कुत्र्याला लावतात तशी! मी तुम्हाला हाताला धरून शाळेत नेलं, तुमच्यासाठी कधी दार बंद केलं का रे?" आणि ते खोकले, चांगले दणदणीत.

"शाबास मास्तर!" ताई म्हणाली. आणि मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. स्वयंपाकघराच्या दारात आजी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या, त्या मला दिसल्या होत्या, तरी वाजवल्या.

संध्याकाळी थोरला आमच्या दारात आला. "उद्यापासून त्यांना पाठवू नका. आमचं आम्ही बघतो." मी ताईला फोन केला, तर ती दुसऱ्या दिवशी मुद्दाम आली. त्यांनी सेफ्टी डोअर उघडलं नाही. मग तिने जिन्यात उभं राहून जे केलं ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. "बापाशीक मारूक बसलात काय रे? त्याका खोकूक शिकवलंय मी, तुमका लाज येता?" एकेक दार किलकिलं होत गेलं. मी वर धावले आणि तिचा हात धरून तिला खाली ओढलं. "ताई, बस करा! तुमच्या ओरडण्याने ते दार आता कधीच उघडणार नाही!"

"तर मग काय करू? गोड बोलू?"

"हो! एकदा तरी!"

तिने माझा हात झटकला, स्कूटर काढली आणि गेली.

त्यांनी दुसरं कोणी आणलं नाही. आजोबा पडून राहिले. पाच आठवड्यांनी छातीत कफ भरला आणि ते हॉस्पिटलातच वारले. दुसऱ्या कोणत्याही कारणाने गेले असते तर मला सोसलं असतं.

मी ताईला कळवलं. ती आली, आमच्या हॉलमध्ये खुर्चीत बसली. शूज बदलायचे विसरली होती.

"माझा चुकला काय गो?" तिने विचारलं.

मला तिचा प्रचंड राग आला होता. "हो," मी म्हणाले. "तुमचं चुकलं. आणि माझंही. मी टाळ्या वाजवल्या."

ती मान हलवत बसली. मग म्हणाली, "वर जाऊया."

मी नको म्हणत होते. ती ऐकणार थोडीच. थोरल्याने दार उघडलं, ताईला बघून त्याचा जबडा आवळला, पण घरात सुतक होतं आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही इतपत तो सभ्य होता. "या," म्हणाला. आम्ही सतरंजीवर बसलो. आजी आतून आल्या, भिंतीचा आधार घेत ताईच्या समोर बसल्या.

"तुम्ही तासभर यायचात," आजी म्हणाल्या. "तास झाला की बूट बदलून निघायचात. मागे मी होते."

"आजी..." मी म्हणाले.

"तू गप्प बस. टाळ्या वाजवत होतीस." त्या परत ताईकडे वळल्या. "त्या दिवसापासून मुलं यांच्याशी बोलेनाशी झाली. यांनी पण तोंड फिरवलं. पाच आठवडे. पाणी हवं असलं तर माझ्याकडे बघायचे, मुलगा शेजारी उभा असला तरी. मी या खोलीतून त्या खोलीत निरोप नेत होते. यांना कडीचा राग होता, तो मला माहीत नव्हता? रोज ऐकत होते मी. हळू आवाजात सांगायचे, मी हळू आवाजात समजूत घालायचे. तुम्हाला तो मोठ्याने हवा होता. मिळाला ना? घेऊन गेलात का तो बरोबर? इथेच ठेवून गेलात."

ताईकडे सगळ्याला उत्तर असायचं. सर्जनला होतं. मी वाट बघत होते. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

"बरोबर आहे म्हणून मी काय करू?" आजी ओरडल्या. थोरला मुलगा पुढे झाला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला. आजींनी तो हात बाजूला केला आणि त्या बोलत राहिल्या, ताईला, मुलांना, मला, गेलेल्या माणसालाही. ताई मान खाली घालून ऐकत होती. आजी थकल्या तेव्हा आम्ही उठलो. "परत येऊ नका," त्या म्हणाल्या. ताई म्हणाली, "नाही येणार."

खाली ती हेल्मेट हातात घेऊन स्कूटरपाशी उभी राहिली. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पाठीचे व्यायाम सोडू नको," आणि गेली.

त्यानंतर बरेच महिने मी तिला फोन केला नाही. तिनेही नाही. त्या घरातला थोरला जिन्यात भेटला की आम्ही दोघंही पायऱ्यांकडे बघतो. मला त्याचा राग आहे, माझा आहे, तिचा आहे. आणि मी जिवंत आहे ती तिच्यामुळे, हेही मला कळतं, आणि कळूनही राग कमी होत नाही.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एकीची रिक्षा उलटली. घाटकोपरला आमच्या कॉलेजमागेच राहते ती. तीन बरगड्या. घरी नवरा, सासू, एक मुलगी. तिने मला विचारलं, "तुझी ती बाई कोण होती गं?" मी दोन दिवस काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी नंबर दिला.

आठवड्याने तिला बघायला गेले. ती उशी छातीशी धरून बसली होती, बरी दिसत होती.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"बाप रे, काय बाई आहे! आल्या आल्या आमचं पायपुसणं जिन्यात फेकलं."

"आणि नावं विचारली असतील. राग कोणाचा येतो ते."

"नाही. मी वाट बघत होते, तू सांगितलं होतंस म्हणून. पण तिने आधी दुसरंच विचारलं. 'मी निघून गेल्यावर या घरात तुझ्याबरोबर कोण कोण असतं, सांग,' म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर मी आणि सासूबाई. तर म्हणाली, बोलाव त्यांना. आणि सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसली अर्धा तास. मला हातसुद्धा लावला नाही पहिल्या दिवशी."